वारंवार लागणारे नंबर फोनने आपणहून सेव्ह का करू नयेत?

सुहास_मिरज | गुरुवार, रात्री ९.४०

अण्णांचा फोन आज सकाळी पाण्याच्या टाकीत पडला. झाकण सरकवून पाणी किती आलंय ते वाकून बघत होते, सदऱ्याच्या खिशातून सटकला. अण्णा (वय ७८) मिरजेला एकटेच असतात, मी पुण्यात. शेजारच्या वहिनींच्या फोनवरून त्यांनी मला कळवलं. त्यांना माझा नंबर पाठ आहे, तेवढा एकच.

फोन गेला याचं फार वाटलं नाही. खरी अडचण वेगळी आहे. अण्णा नंबर सेव्ह करत नाहीत. लागलेल्या कॉलच्या यादीत जायचं, बोटाने खाली सरकत राहायचं आणि "शेवटी ४७ तो दूधवाला, मधे दोन शून्यं तो गॅसवाला" असं ओळखून लावायचं, ही त्यांची पद्धत. नाव घातलेले नंबर मोजून अकरा, तेही मीच सिमवर टाकून दिलेले. बाकीची तीस-चाळीस माणसं फक्त त्या यादीत होती. गूगलचं खातं दुकानातल्या पोराने उघडून दिलं होतं, त्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. म्हणजे बॅकअप असला तरी तो हाती लागणार नाही.

दुपारपासून अण्णा एकच विचारताहेत, "माझ्या सकाळच्या फोनचं काय?" कुणाचा सकाळचा फोन, ते नीट सांगत नाहीत. दुसऱ्याच्या फोनवरून बोलताना त्यांना अवघडल्यासारखं होतं. मी शनिवारी जातोय, नवीन फोन घेऊन.

माझा प्रश्न साधा आहे. एखादा माणूस दोन वर्षं रोज एकच नंबर लावतो, हे फोनला दिसतं. मग तो नंबर त्याने आपणहून सेव्ह का करू नये? निदान "हा कोण?" एवढं तरी विचारावं. अशी सोय असलेला फोन कुणी वापरलाय का?

चकली | गुरुवार, रात्री ९.५५

फोन तांदळाच्या डब्यात घातला असेलच वहिनींनी!

सोय हवी, शंभर टक्के हवी. फक्त आमच्या सोसायटीत मार्च ते जून माझ्या फोनचा सर्वात जिवलग माणूस टँकरवाला असतो. दिवसाला सहा फोन. फोनने त्यालाच "कुटुंब" गटात टाकलं तर बायकोला समजावायला तुम्ही या.

खडकवासला | गुरुवार, रात्री १०.१०

तांदूळ नको. ॲपलने २०२४ मध्ये आयफोनसाठी स्पष्ट लिहिलं होतं की भिजलेला फोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होतं. चार्जिंगचं तोंड खाली करून हलकेच झटका आणि हवेशीर जागी ठेवा. चार्जिंगला लावू नका. सिम आधी काढून घ्या, त्याला पाण्याने सहसा काही होत नाही.

सुहास_मिरज | गुरुवार, रात्री १०.२२

तांदळातच ठेवलाय :) आत्ता सांगतो वहिनींना. सिमचा ट्रे काढायची पिन नाही, आणि अण्णांनी सुई घेऊन टोचत बसू नये म्हणून मीच थांबायला सांगितलंय.

अर्धविराम | शुक्रवार, सकाळी ८.१५

मी मोबाइलच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि कॉलिंगच्या ॲपवरच काही वर्षं घालवली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुचवणं आणि सेव्ह करणं या दोन वेगळ्या गोष्टी. सुचवणं आजही चालतं. फोनचं स्वतःचं कॉलिंग ॲप वारंवार लागणारी माणसं वर दाखवतं. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये "ज्यांना वारंवार लिहिता त्यांना संपर्कांत घाला" अशी सूचना येते. जीमेलवरून नव्या माणसाला पत्र पाठवलं की त्याचा पत्ता "इतर संपर्क" मध्ये आपोआप जाऊन बसतो, सेटिंगमध्ये तो पर्याय बंद करता येतो. तेव्हा तुम्ही म्हणताय ते ईमेलच्या बाबतीत केव्हाच झालंय.

फोनच्या बाबतीत गाडी उलटी गेली. अँड्रॉइडमध्ये पूर्वी प्रत्येक संपर्कापुढे तो किती वेळा वापरला आणि शेवटचा कधी, हे आकडे सिस्टीम स्वतः ठेवायची. संपर्क वाचायची परवानगी असलेलं कुठलंही टॉर्चचं, वॉलपेपरचं ॲप ते वाचू शकत होतं. म्हणजे तुमच्या जवळची माणसं कोण, हे त्याला फुकटात कळायचं. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आलं आणि सिस्टीमने हे आकडे ठेवणं बंद केलं. त्याच वर्षी जानेवारीपासून प्ले स्टोअरने कॉल-यादी वाचायची परवानगीही मोजक्याच ॲपना ठेवली.

दुसरी अडचण याहून मोठी. फोनला नंबर माहीत आहे, तो किती वेळा लागला ते माहीत आहे, नाव कुठून आणणार? नाव नसलेला सेव्ह केलेला नंबर म्हणजे तीच यादी दुसऱ्या ठिकाणी. ट्राय या दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये शिफारस केली की फोन करणाऱ्याचं सिमच्या अर्जावरचं नाव समोरच्याला दिसावं. पण आपल्याकडे सिम कुणाच्या नावावर असतं ते बघा. माझ्या दूधवाल्याचं त्याच्या मेहुण्याच्या नावावर आहे.

आणि सुहास, अण्णांची यादी तशीही कायमची नव्हती. अँड्रॉइडच्या मूळ कोडमध्ये ५०० नोंदी झाल्या की सर्वात जुनी पुसली जाते.

द्राक्षबाग | शुक्रवार, दुपारी १.०५

त्या ५०० ने माझं किती नुकसान केलंय ते आज कळलं!

दिंडोरी तालुक्यात चार एकर बाग आहे. आमचे फोन हंगामाचे. एप्रिल छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची टोळी, त्यांचा मुकादम. ऑक्टोबर छाटणीला पुन्हा तोच. मधे विरळणी, डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), मग माल निघाला की व्यापारी, गाडीवाला, क्रेटवाला. माल निघताना दिवसाला चाळीस-पन्नास फोन होतात. पाचशे भागिले पन्नास, दहा दिवसांत यादी धुऊन निघते. ऑक्टोबरमध्ये दिवसाला चार वेळा बोललेल्या मुकादमाचा नंबर मार्चमध्ये शोधायला जावं तर यादीत फक्त व्यापारी.

गेल्या साली हेच झालं. एप्रिल तोंडावर आला आणि मुकादमाचा नंबर नाही. मोटारसायकल काढून पेठ गाठलं, पाड्यावर विचारत विचारत दुपार गेली. तोवर त्याने दुसऱ्याची बाग धरलेली. आमची छाटणी नऊ दिवस उशिरा झाली. काडी उशिरा पिकली की पुढचं सगळंच मागे सरकतं, बागवाल्याला सांगायला नको.

म्हणून माझं मत, फोनने सेव्ह करावंच. आणि नुसता आकडा मोजू नये, महिना बघावा. मुकादमाला वर्षातले दहा महिने एकही फोन नसतो. आकड्यावर गेलात तर तो बाद. पण ते दोन महिने तो नसेल तर बाग नाही.

चकली | शुक्रवार, दुपारी १.२०

दादा, टँकरवाल्याचं गाऱ्हाणं मागे घेतो. तुमचं खरं दुखणं आहे.

ओसरी | शुक्रवार, दुपारी ३.४८

इथे मला विरोधी मत नोंदवायचंय.

मी तालुक्याच्या गावी कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. आमच्याकडे येणाऱ्या बायकांचा फोन हा त्यांचा एकटीचा नसतो. तो सासू बघते, नवरा बघतो, मुलं खेळायला घेतात. एक बाई पंधरा दिवसांत चार वेळा आमच्याशी बोलली. नंबर सेव्ह केला नव्हता. यादीत खाली कुठेतरी पडला असेल, कोण बघतंय, असं तिला वाटलं. तिच्या नव्या फोनने तो उचलून पहिल्या पडद्यावर गोल करून ठेवला, तिच्या माहेरच्या नंबराशेजारी. सासूने विचारलं, हा कोणाचा? ती म्हणाली, रेशन दुकानाचा. सासूने तिथल्या तिथे लावला. आमच्या केंद्रातल्या मुलीने उचलून केंद्राचं नाव सांगितलं.

त्यानंतर दोन महिने तिचा फोन नाही. मग एका बाजारच्या दिवशी पिशवीत भाजी आणि वर मेथीची जुडी ठेवून आली. आता तशीच येते.

त्या दिवसापासून आम्ही फोन उचलल्यावर केंद्राचं नाव घेत नाही, "बोला ताई" एवढंच म्हणतो. प्रत्येकीला सांगतो की बोलणं झालं की नोंद पुसायची, १८१ ही महिला हेल्पलाइन लावली असली तरी पुसायची. फोनने आपणहून ठरवलं की हा नंबर महत्त्वाचा, तर ते अगदी बरोबर ठरवलं होतं. तो तिच्यासाठी सर्वात महत्त्वाचाच नंबर होता. बरोबर ठरवलं म्हणूनच घात झाला.

अर्धविराम, तुमच्या कार्यालयात हे कुणी मांडतं का?

अर्धविराम | शुक्रवार, सायंकाळी ५.३०

ओसरीताई, मांडलं गेलं पाहिजे आणि मी मांडीन. आमच्या चर्चेत "वापरणारा" हा नेहमी एकटा माणूस असतो. एका फोनवर चार जणांची नजर असते हे आमच्या कागदावर येत नाही.

असा प्रकार जगासमोर एकदा घडलेला आहे. गूगलने फेब्रुवारी २०१० मध्ये बझ नावाची सेवा जीमेलला जोडली. ज्यांच्याशी तुमचा पत्रव्यवहार आणि चॅट जास्त, ती माणसं तिने आपोआप तुमच्या यादीत घातली आणि सुरुवातीला ती यादी इतरांना दिसेल अशी ठेवली. डॉक्टर-पेशंट, वकील-अशील, पत्रकार आणि त्याला माहिती देणारा, सगळ्यांचीच पंचाईत. त्रास देणाऱ्या माजी नवऱ्यापर्यंत आपली माहिती पोचली म्हणून एका बाईने जाहीरपणे लिहिलं होतं. गूगलला काही दिवसांत माघार घ्यावी लागली. २०११ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड झाली आणि वीस वर्षं बाहेरच्यांकडून तपासणी करून घेणं पदरात पडलं. त्याच वर्षाच्या शेवटी बझ बंद झालं.

चार्ल्सकाठ | शुक्रवार, रात्री ११.१५

बोस्टनहून लिहितोय. या विषयाचं मूळ इथे आमच्या नदीकाठीच आहे, म्हणून राहवलं नाही.

२००४-०५ मध्ये एमआयटीत नेथन ईगल आणि सँडी पेंटलंड यांनी विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांना नोकिया ६६०० फोन दिले. (आठवतो का? गुबगुबीत, लाडू म्हणायचो आम्ही त्याला.) फोन कुणाला लावला आणि ब्लूटूथवरून आसपास कुणाचा फोन आहे, याची नोंद तो फोनच ठेवायचा. नऊ महिन्यांची, ९४ जणांची नोंद घेऊन २००९ मध्ये त्यांचा निबंध आला. कोण कुणाचा मित्र, हे केवळ या नोंदींवरून ९५ टक्के अचूक सांगता येतं, असा निष्कर्ष होता. गंमत म्हणजे कामाच्या वेळचा सहवास फारसा उपयोगी नव्हता. शनिवारी रात्री आणि कॅम्पसच्या बाहेर कोण जवळ असतं, त्यावर मैत्री ओळखता यायची. द्राक्षबागवाले म्हणतात ते हेच. किती वेळा, यापेक्षा केव्हा.

पण आता ते गणित माझ्या फोनवर चालवून बघा. आई साताऱ्याला असते. तिच्याशी रोज अर्धा तास बोलतो, व्हॉट्सॲपवर. माझ्या अँड्रॉइड फोनच्या कॉल-यादीत ती नाहीच. यादीप्रमाणे माझ्या आयुष्यात पहिला क्रमांक औषधाच्या दुकानाचा, दुसरा मुलीच्या शाळेच्या बसचा. परदेशातल्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरात हेच असणार.

गोदाकाठ | शनिवार, सकाळी ७.३०

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. नाशिकला ट्रंक एक्स्चेंजवर बोर्डावर बसायचे. तुम्ही मुलं फोनने काय करावं म्हणताय, ते काम आम्ही बायका करायचो.

तेव्हा परगावी बोलायचं तर कॉल नोंदवायचा. ऑर्डिनरी, अर्जंट, नाहीतर लाइटनिंग. ठरावीक माणसालाच बोलवायचं असेल तर पीपी कॉल. कानाला हेडफोन, समोर दोऱ्या. महिनाभरात आम्हाला कळायचं कोण कुणाला, किती वाजता बोलतं. लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी रोज सकाळी कलकत्ता मागायचे. त्यांचा आवाज आला की आम्ही न विचारता कलकत्त्याची स्लिप लिहायला घ्यायचो. फोनचं "सुचवणं" म्हणता ते हेच ना?

एके दिवशी त्याच गृहस्थांनी कलकत्ता न मागता धुळ्याकडच्या एका खेड्यातला पीपी कॉल मागितला. ऑर्डिनरीच मागितला. मी तीन वर्षं त्यांचा आवाज ऐकत होते, तो त्या दिवशी वेगळा होता. मी धुळ्याच्या ऑपरेटरला म्हटलं, बाई, हा आधी घे गं. त्या गावाला पोस्टात एकच फोन, माणूस बोलवायला पाठवावा लागायचा. तिने पाठवला. बहिणीची तब्येत होती. गाडी पकडून ते वेळेत पोचले. नंतर एक्स्चेंजला पेढे आले, आम्हाला कशाचे तेही आधी कळेना.

ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही हा आमचा पहिला धडा होता आणि आम्ही तो पाळला. आजही व्यापाऱ्याचं नाव लिहिणार नाही.

आणखी एक. आपोआप चालणारं एक्स्चेंज मुळात निघालं ते ऑपरेटरवर विश्वास नव्हता म्हणून, असं आम्हाला ट्रेनिंगला सांगायचे. अमेरिकेत स्ट्रोजर नावाचा अंत्यसंस्काराचं सामान पुरवणारा माणूस होता. त्याच्या गिऱ्हाइकांचे फोन गावातली ऑपरेटर दुसऱ्याच दुकानाला जोडते, असा त्याचा संशय होता. १८९१ मध्ये त्याने ऑपरेटरशिवाय फोन जोडणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ओसरीताईंच्या त्या मुलीचं वाचून स्ट्रोजर आठवला. कोण महत्त्वाचं हे दुसऱ्याला कळलं की त्याचं दोन्ही होतं, पेढेही आणि घातही.

खडकवासला | शनिवार, सकाळी ८.०२

गोदाकाठताई, साष्टांग नमस्कार. यावर वेगळा धागा काढाच.

द्राक्षबाग | शनिवार, सकाळी ८.२०

लासलगावचं वाचून अंगावर काटा आला. ताई, लिहाच.

प्राजक्ता_स्टाफ | शनिवार, सकाळी १०.४०

रात्रपाळी संपवून वाचतेय. अपघात विभागात नर्स आहे. आमच्या बाजूने थोडं.

बेशुद्ध माणूस येतो तेव्हा आधी त्याचा फोन हातात घेतो. बहुतेक वेळा लॉक. लॉक असताना पडद्यावर "इमर्जन्सी" लिहिलेलं असतं, ते दाबलं की रुग्णाची माहिती आणि जवळच्यांचे नंबर दिसायची सोय असते. आम्ही दाबतो आणि आत काही भरलेलंच नसतं. मग वाट बघायची, कुणाचा तरी फोन येईल म्हणून. पडद्यावर "बॉस" येतो, "गाडी लोन" येतो. आम्हाला हवी असते "आई".

एकदा कॉल-यादी उघडी मिळाली. सर्वात वरच्या, सर्वात जास्त लागलेल्या नंबरवर लावला. पलीकडे वीटभट्टीचा मालक, त्याला या पोराचं आडनावही माहीत नव्हतं. घर शोधायला पहाट झाली.

२००५ मध्ये इंग्लंडमध्ये बॉब ब्रॉची या रुग्णवाहिकेवरच्या माणसाने एक सोपी युक्ती काढली होती. जवळच्या माणसाचा नंबर "आयसीई" या नावाने सेव्ह करा, म्हणजे "इन केस ऑफ इमर्जन्सी". त्याच जुलैत लंडनचे बॉम्बस्फोट झाले आणि ती युक्ती जगभर पसरली. तेव्हा फोनला कुलूप नसायचं. आता कुलपाबाहेर नाव ठेवायला हवं आणि ते माणसानेच ठेवायला हवं. सेटिंगमध्ये "सेफ्टी अँड इमर्जन्सी" शोधा, पाच मिनिटांचं काम आहे. आयफोनला ते हेल्थ ॲपमधल्या मेडिकल आयडीत भरतात.

आणि साध्या बटणाच्या फोनवाल्यांसाठी, २०१७ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फोनला पॅनिक बटण सक्तीचं आहे. ५ किंवा ९ दाबून धरा, स्मार्टफोनला पॉवरचं बटण तीनदा. ११२ ला जातो. सासऱ्यांना दाखवून ठेवा.

चकली | शनिवार, सकाळी ११.०५

प्राजक्ता, आत्ता भरलं. बायको, भाऊ आणि शेजारचे कुलकर्णीकाका. टँकरवाला नाही.

सुहास_मिरज | शनिवार, रात्री १०.३०

मंडळी, दिवसभर फोन सेट करण्यात गेला. सगळे प्रतिसाद आत्ता वाचले. सकाळचा फोन कोणाचा ते कळलं.

मी साडेअकराला पोचलो तर ओट्यावर अण्णांबरोबर बुधगावचे तात्या बसलेले. डोक्याला मफलर, पायात एकच मोजा. दुसरा घालायचं राहिलं म्हणाले. नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून सकाळीच आले होते. तात्या ७९ वर्षांचे. अण्णा आणि ते दोघेही रेल्वेत गार्ड, मिरज जंक्शनला एकत्र उमेदवारी केलेले.

आई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, अण्णा रोज सकाळी सहा दहाला तात्यांना फोन लावतात. दोन रिंग आणि कट. पलीकडून तात्यांची एक रिंग येते आणि कट. बोलणं काहीच नाही. मी उठलोय, तूही उठलायस. गाडी सुटताना गार्ड आणि ड्रायव्हर एकमेकांना खूण देतात ना, तिला हे दोघे "ऑल राइट" म्हणतात. मी त्यांचा मुलगा, चार वर्षांत मला याचा पत्ता नव्हता.

शुक्रवारी सहा दहाला रिंग आली नाही. तात्यांनी स्वतः लावला, फोन बंद. दिवसभर लावत राहिले. शनिवारीही नाही म्हटल्यावर नातवाला उठवलं. आणि इकडे अण्णा दोन दिवस तळमळत होते, कारण तात्यांचा नंबर गेल्या वर्षी बदललाय आणि तो पाठ नाही. वहिनींच्या फोनवरून "तात्यांना निरोप द्या" म्हणायचं त्यांना का सुचलं नाही, असं मी विचारलं. म्हणाले, "नंबर न देता निरोप कसा देणार?"

अर्धविराम | शनिवार, रात्री ११.१०

सुहास, हे वाचून जेवणाचं ताट बाजूला ठेवलं.

आम्ही महत्त्वाचे नंबर ओळखण्यासाठी जो नियम लिहिला होता, त्यात दहा सेकंदांपेक्षा कमी वेळाचे आणि न उचललेले कॉल आधीच गाळले जायचे. चुकून लागलेले किंवा जाहिरातीचे असणार असं धरून. ती ओळ मीच लिहिली आहे. तुमच्या अण्णांचे चार वर्षांतले सगळे कॉल शून्य सेकंदांचे. आमच्या गणितात तात्या नाहीतच. मिस्ड कॉल देऊन निरोप पोचवणारा देश आपला आणि हे माझ्याच डोक्यात आलं नाही. सोमवारी ही ओळ आणि ओसरीताईंची गोष्ट, दोन्ही घेऊन बसणार आहे.

ओसरी | शनिवार, रात्री ११.३५

अर्धविराम, एक मागणं. वेळ ठरावीक असेल तर शून्य सेकंदांचेही धरा, पण पडद्यावर मांडण्याआधी विचारा. आणि "नको" म्हटलं की पुन्हा कधीच विचारू नका.

गोदाकाठ | रविवार, सकाळी ६.५०

गार्ड आणि ऑपरेटर, दोघांच्या नोकऱ्या खुणांवरच चालायच्या. तात्यांना माझा नमस्कार सांगा.

खडकवासला | रविवार, सकाळी ९.१५

सुहास, बाकीचे नंबर कसे मिळवले? माझ्या मावशीचंही असंच आहे, तिचा फोन बदलायचाय.

सुहास_मिरज | रविवार, दुपारी १२.२०

सिम शाबूत होतं, त्यावर अकरा नावं मिळाली. नव्या फोनमध्ये घातल्यावर फोन यायला लागले. आला की अण्णा बोलणार आणि मी शेजारी वही घेऊन, "कोण?" विचारून लगेच नाव घालणार. दूधवाला, गॅसवाला, पेन्शनच्या बँकेतला शिपाई असे काल नऊ झाले. काही नंबर वहिनींकडे होते. आज सकाळी मंडईत गेलो आणि उरलेले समोरासमोर घेतले. आता चौतीस झालेत. नावं अण्णांच्या तोंडातली ठेवली, "दूध शिवाजी", "चष्मा स्टेशन रोड", "हौद साफ". मी आधी खरी आडनावं टाकत होतो, ती त्यांना ओळखू येईनात.

खातं नवीन उघडलं, पासवर्ड वहीत आणि माझ्याकडे. मावशींचा जुना फोन चालू असेल तर बदलायच्या आधी तिच्याबरोबर बसून यादीतल्या प्रत्येक नंबराला नाव घाला, म्हणजे एका बैठकीत होईल. आमच्यासारखी मंडई गाठावी लागणार नाही.

तात्यांचा नंबर पहिल्या पडद्यावर ठेवला. रिकाम्या जागी बोट दाबून धरायचं, विजेट, त्यात संपर्कांखाली डायरेक्ट डायल. एक बोट लावलं की थेट लागतो. नाव काय ठेवू विचारलं तर अण्णा म्हणाले, "ऑल राइट".

प्राजक्ता_स्टाफ | रविवार, दुपारी १.१०

लॉकच्या पडद्यावरचं भरलंत ना? रक्तगट, गोळ्या?

सुहास_मिरज | रविवार, दुपारी १.२५

भरलं. बीपीच्या गोळीचं नाव चिठ्ठीवर बघून घातलं. जवळची माणसं दोन घातली आहेत. पहिला मी आणि खाली तात्या, असं टाकलं होतं. अण्णांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, तू पुण्याहून यायला पाच तास, बुधगाव इथे अर्ध्या तासावर. क्रम बदलून घेतला.